उभे पट्टे

शिवणकाकूंना पुढारी वगैरे काही व्हायचं नव्हतं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की दुपारी चार वाजता कुणीतरी दुकानात यावं आणि आपल्या शिवणात खोट काढावी. एवढ्याशा इच्छेपायी माणूस थेट प्रभाग समितीवर कसा जाऊन बसतो, हे ज्याला कळत नाही त्याने नणंदेशी तीस वर्षं भांडण केलेलं नाही असं खुशाल समजावं.

काकूंचं दुकान रस्त्याला लागूनच होतं. दाराशी शिलाईचं मशीन आणि त्यामागे काकू. मागच्या भिंतीशी इस्त्रीचं टेबल आणि त्यामागे काका, म्हणजे त्यांचे यजमान. काजंबटणं आणि इस्त्री काकांकडे, बाकी सगळं काकूंकडे, बोलणंसुद्धा. मध्ये एक लाकडी स्टूल होतं. त्यावर गिऱ्हाईक बसायला गेलं की काकू सांगायच्या, “त्याचा पाय मोडलाय हो.” पाय ठणठणीत होता. ते स्टूल वन्संचं होतं.

वन्सं म्हणजे काकांची धाकटी बहीण. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या आणि रस्त्यापलीकडच्या घरात राहणाऱ्या. तीस वर्षं त्या रोज चारला रस्ता ओलांडून यायच्या, चहा घ्यायच्या, चष्मा लावायच्या आणि मशीनवर असेल ते कापड उचलायच्या.

“वहिनी, हा खिसा बसलाय की पडलाय?”

“वहिनी, ही बाही कुठे निघालीये?”

काकूंना मिरच्या झोंबायच्या. वन्संची पाठ वळली की त्या अर्धा तास तणतणायच्या आणि मग निमूटपणे तो खिसा उसवून पुन्हा शिवायच्या. काकूंच्या हाताला तोड नाही असं सगळी वस्ती म्हणायची, त्यात हा उसवण्याचा वाटा किती होता ते वस्तीला ठाऊक नव्हतं. खरं तर काकूंनाही नव्हतं.

मग रस्ता रुंद झाला. दोन गाड्या जायच्या तिथे चार जायला लागल्या, आणि त्याही अशा, की जणू मागे कुणी लागलंय. पहिल्या दिवशी वन्सं छत्री घेऊन पलीकडच्या फुटपाथवर पाऊण तास उभ्या राहिल्या. एक पाय खाली टाकला. टेम्पोवाल्याने असा काही हॉर्न मारला की पाय वर घेऊन त्या सरळ घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्या आल्याच नाहीत.

फोन होता की, असं कुणी म्हणेल. पण फोनवर टाके दिसत नाहीत. व्हिडिओ कॉलही करून झाला. त्यात काकूंना वन्संचा एक कान आणि छताचा पंखा दिसला. शेवटी काकू स्वतः जीव मुठीत धरून पलीकडे गेल्या. पण स्वतःच्या घरात वन्सं यजमानीण! पाठीला उशी दिली, काकूंनी नेलेला झबला हातात घेतला आणि म्हणाल्या, “छान शिवलाय हो, वहिनी.” काकूंच्या अंगावर काटा आला. अर्धा चहा टाकून त्या परत आल्या.

त्यानंतर काकूंचा हात जो बिघडला तो बिघडलाच. महिन्याभरात चार कपडे परत आले. एका गिऱ्हाइकाची कॉलर अशी बसली होती की तो बिचारा दिवसभर डावीकडेच बघत होता. बँडमधल्या झांजवाल्याच्या बाह्या इतक्या लांब निघाल्या, की वाजवताना त्याला स्वतःच्याच झांजा सापडेनात.

“वन्संची आठवण येतेय म्हण की सरळ,” काका इस्त्री फिरवता फिरवता म्हणाले.

“आठवण? मला? अहो, सुखात आहे मी! मला काळजी लोकांची आहे. म्हातारीकोतारी माणसं हा रस्ता ओलांडणार कशी?”

“मग कर काहीतरी लोकांसाठी.”

“करते की! घाबरते का कुणाला?”

झालं. तोंडातून शब्द गेला होता, आणि काका तो विसरणाऱ्यातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लाल अस्तराचा एक तुकडा लाकडी गजाला टाचून रस्त्यात उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या पोरांना अलीकडच्या शाळेत सोडून आल्या. तिसऱ्या दिवशी मागून औषधवाल्याची आई आली, चौथ्या दिवशी न्हावी, मग बेकरीवाला, मग आख्खी वस्ती. आठवड्याभरात दुकानाच्या दारावर खडूने वेळा लागल्या: साडेआठ, साडेदहा, पाच. काकू गज घेऊन उभ्या राहिल्या की लोक आपोआप मागे रांग धरायचे आणि त्या चालल्या की चालायचे. एकदा त्या नुसत्या भाजी आणायला निघाल्या, तर सहा माणसं भाजीवाल्यापर्यंत मागे आली.

रस्ता ओलांडताना माणसाला बोलायला फार सुचतं. कुणाच्या गल्लीतला दिवा बंद, कुणाच्या दारातली फरशी निखळलेली. काकू ते सगळं मापाच्या वहीत उतरवून घ्यायच्या, आणि वहीत रकाने कपड्यांचेच असल्यामुळे नोंदी अशा व्हायच्या: “कोपऱ्यावरचा दिवा. उंची ठीक. पेटत नाही.” “फुटपाथ. कंबरेत उसवलाय.” दर सोमवारी ती वही घेऊन त्या प्रभाग कार्यालयात जायच्या आणि काम होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून बटणं लावत राहायच्या. कारकुनांच्या शर्टाचीसुद्धा लावून द्यायच्या. बटण लावून घेतलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. महिन्याभरात तीन दिवे पेटले.

वन्सं मात्र येईनात.

“वन्सं, अहो सगळी दुनिया माझ्या मागून येते. तुम्हालाच काय होतंय?” काकूंनी फोनवर विचारलं.

“फडक्याच्या भरवशावर मी जीव टाकणार नाही. रस्त्यावर पट्टे हवेत. आखलेले, नियमाने.”

“आणि पट्टे आले तर?”

“तर चार वाजता येईन,” वन्सं म्हणाल्या आणि जरा थांबून पुटपुटल्या, “इथे खोट काढायला घरात काहीच नाही हो, वहिनी.”

काकूंनी फोन ठेवला, नाक ओढलं आणि काकांना म्हणाल्या, “धूळ फार झालीये या रस्त्याने.” मग पिशवी उचलून तडक प्रभाग कार्यालय गाठलं.

इंजिनियरसाहेब भला माणूस होता, पण नियमाबाहेर एक पाऊल टाकत नसे. म्हणाला, “पट्टे देऊ की. पण एका तासात चाळीस माणसं रस्ता ओलांडत असली पाहिजेत.”

“पट्टे नाहीत म्हणून माणसं ओलांडत नाहीत.”

“माणसं ओलांडत नाहीत म्हणून पट्टे नाहीत.”

हे वाक्य दोघांनी एकमेकांना तीन तीनदा ऐकवलं. मध्ये चहा आला. चहानंतर दोघांनी एकदा अदलाबदल करूनही म्हणून पाहिलं. शेवटी मोजणी करायची ठरली.

मोजणीदार हातात टिकटिक यंत्र घेऊन आला आणि दुकानासमोर तासभर बसला. मोजणी निघाली दोन माणसं. एक कुत्रा जाऊन परतही आला होता, पण बराच विचार करून मोजणीदाराने तो सोडून दिला. काकूंच्या मागून गेलेली तेहतीस माणसं त्याने धरलीच नाहीत.

“बाई, तुम्ही हाताने गाड्या अडवता. तसे पार केलेले लोक चालत नाहीत. माणूस आपण होऊन गेला पाहिजे.”

“आणि रस्त्यावर नुसतं काही पसरलेलं असलं तर?”

मोजणीदाराने नियमाचं पुस्तक उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि मिटलं. “पसरलेल्याबद्दल काही लिहिलेलं नाही. शुक्रवारी दहा वाजता फेरमोजणीला येतो.”

काकूंनी गळ्यातली टेप काढली. काकांनी एक टोक धरलं, काकूंनी दुसरं, आणि गाड्यांची फट बघून बघून दोघांनी रस्त्याचं माप घेतलं. बेचाळीस फूट. काकूंनी शिवणीची माया धरून चव्वेचाळीस लिहिले, आणि सवयीने विचारलं, “धुतल्यावर आटेल का हो?”

“रस्ता?” काकांनी विचारलं.

मग तीन दिवस दुकान बंद होतं. काळं कापड वकिलांच्या डगल्यांचं उरलेलं होतं. पांढऱ्यासाठी वस्तीने जुन्या चादरी दिल्या. पांढरं थोडं कमी पडलं, तेव्हा शेवटच्या पट्ट्याला निळ्या बारीक फुलांचा चादरीचा तुकडा जोडला. वाऱ्याने उडू नये म्हणून काकांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली आणि चारी कडांच्या दुमडीत वाळू भरली गेली. काकांच्या डोक्यातून वर्षाला एखादीच कल्पना निघायची, पण ती चांगली असायची.

फक्त एक गोष्ट झाली. रस्त्यावरचे पट्टे चालणाऱ्याला आडवे असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे एकापुढे एक, हे साऱ्या जगाला माहीत आहे. काकांनी तसं म्हणूनही पाहिलं.

“आडवे?” काकूंनी कात्री खाली ठेवली. “अहो, चाळीस वर्षं काय शिकलात माझ्याकडून? आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो. आधीच मेल्यांनी रस्ता एवढा रुंद करून ठेवलाय, त्याला आणखी फुगवायचा?”

काकांना ते पटलं. पट्टे उभे शिवले गेले. या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत लांबच लांब, काळा, पांढरा, काळा, पांढरा. रस्ता खरंच सडपातळ दिसणार होता.

शुक्रवारी दहा वाजता मोजणीदार स्टुलावर बसला. (काकूंच्या जिवावर आलं होतं, पण वेळच तशी होती.) न्हावी आणि बेकरीवाला एकेक टोक धरून पळाले आणि पट्टे धप्पकन रस्त्यावर पडले. समोरून पाण्याचा टँकर येत होता. ड्रायव्हरने पट्टे पाहिले आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. तो खिडकीतून वाकून बराच वेळ बघत राहिला. मागच्याने हॉर्न दिला तर म्हणाला, “थांब रे, इस्त्री केलेलं दिसतंय.”

आणि लोक आपण होऊन निघाले. औषधवाल्याची आई, न्हावी, बेकरीवाला, झांजवाला, शाळेच्या बाई. टिक, टिक, टिक. पावणेअकरापर्यंत एकोणचाळीस झाले आणि तिथेच अडले. वस्ती संपली होती, काकूंसकट.

“दहा मिनिटं राहिली,” मोजणीदार म्हणाला.

“हे काय, न्हावी परत चाललाय की!”

“एकदा मोजलेला माणूस मी परत मोजत नाही.”

काकूंनी काकांना आत ओढलं. दोन मिनिटांनी एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट, खोटी मिशी आणि काळा चष्मा असा एक रुबाबदार गृहस्थ दुकानातून बाहेर पडला आणि छाती काढून पट्ट्यांवरून चालू लागला. मोजणीदाराने मानही वर केली नाही.

“काका, तुम्ही बाविसावे आहात. आणि मिशी पडलीये.”

पाच मिनिटं उरली. काकूंनी पलीकडे पाहिलं. वन्सं आपल्या फाटकाशी छत्री धरून उभ्या होत्या.

“वन्सं, या हो!” काकूंनी हाक मारली. “पट्टे आलेत!”

वन्संनी फुटपाथच्या कडेला येऊन चष्मा लावला. खाली पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पाहिलं. इतक्या लांबूनही त्यांचा चेहरा बदललेला काकूंना दिसला.

“वहिनी! पट्टे उभे लावलेत!”

“मग? छान दिसतात की!”

“अहो, आडवे असतात! आडवे! रस्ता आहे का पायजमा?”

“आडव्यांनी जाड दिसतं!”

“कोण जाड दिसतं?”

“रस्ता!”

 छत्तीस वर्षं वन्संनी मुलांना समांतर रेषा शिकवल्या होत्या, आणि त्याच रेषा आता भलत्याच दिशेने त्यांच्या दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी छत्री मिटली. आता शांतपणे घरी जातात की काय, असं वाटून काकू फुटपाथच्या अगदी कडेला आल्या.

पण वन्सं रस्त्यात उतरल्या. कुठे जातोय याचं भान त्यांना नव्हतंच. छत्रीचं टोक एकेका पट्ट्यावर आपटत त्या बोलत चालल्या होत्या. “ही रेषा बघा! ही या रेषेला समांतर तरी आहे का? आणि ही फुलं? रस्त्यावर फुलं? कुणी सांगितलं होतं?” टँकर थांबला होता, बस थांबली होती, हॉर्न वाजवायचं कुणाला सुचत नव्हतं. बेचाळीस फूट चालून वन्सं अलीकडच्या फुटपाथवर चढल्या आणि कापडाचं टोक उचलून काकूंच्या नाकाशी धरलं. “आणि इथे टाका सुटलाय, वहिनी!”

टिक.

“चाळीस,” मोजणीदार म्हणाला आणि स्टुलावरून उठला.

काकू भर फुटपाथवर रडायला लागल्या. “अहो, एका टाक्यासाठी कसलं रडताय,” वन्सं घाबरून म्हणाल्या, आणि मग मागे वळून पाहिल्यावर आपण कुठून कुठे आलो ते त्यांना समजलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

आता नियमाप्रमाणे फाइलीला नमुना जोडावा लागतो. मोजणीदाराने पट्ट्यांची गुंडाळी केली, तिला नंबर दिला आणि रिक्षात घालून घेऊन गेला. रस्ता होता तसा उघडा पडला आणि वन्सं या बाजूलाच अडकल्या. त्या अठरा दिवस काकूंच्या घरी राहिल्या. अठरा दिवसांत त्यांनी पडद्यांची उंची, कपाटातले हँगर आणि काकांचा भांग, सगळ्यात खोट काढली. काकू दिवसातून दोनदा म्हणायच्या, “कधी एकदा ते पट्टे येतात!” आणि कपडे असे शिवायच्या की झांजवाला आणखी दोन कोट टाकून गेला.

त्याच दिवसांत वस्तीतून प्रभाग समितीवर एक नागरिक सदस्य निवडायची सभा शाळेत भरली. पद्धत साधी होती: उमेदवाराने उभं राहायचं आणि ज्यांना तो हवा त्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं. उमेदवार एकच होता, रंगाचा दुकानदार. तो उभा राहून तासभर बोलला. बोलता बोलता साडेदहा वाजले. काकूंची फेरीची वेळ झाली. भाषणात व्यत्यय नको म्हणून त्या हळूच उठल्या आणि सवयीने लाल गज हातात घेतला.

सगळी सभा उठून त्यांच्या मागे उभी राहिली. तीही सवयीनेच. पुढाऱ्यांना जे जन्मभर जमत नाही ते काकूंना दाराकडे जाता जाता जमलं. रंगवाला भाषणात इतका रंगला होता, की आपल्यामागे फक्त फळा उरलाय हे त्याला कळलंच नाही. अध्यक्षांनी माथी मोजली.

“अहो, मी रस्ता ओलांडायला उठलेय!” काकू ओरडल्या.

“सगळे तेच म्हणतात,” अध्यक्ष म्हणाले आणि सही केली.

“रांग वाकडी आहे,” मागून वन्सं म्हणाल्या. पण त्या रांगेतच होत्या.

एकोणिसाव्या दिवशी रंगारी आले. कार्यालयाने त्यांना सांगितलं होतं, नमुन्यात तसूभरही फरक नको. त्यांनी गुंडाळी उलगडली आणि हुबेहूब रंगवलं. उभे पट्टे, या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत. शेवटच्या पट्ट्यात निळी बारीक फुलं, एकूणएक. वन्संना दिसलेला सुटलेला टाकासुद्धा एका रंगाऱ्याने पोटावर पडून बारीक ब्रशने काढला होता.

वन्संनी पिशवी भरली. पट्टे आले होते, आता थांबायला कारण नव्हतं. जाताना त्या रस्त्याकडे बघून एक अक्षर बोलल्या नाहीत. काकू दारात उभ्या राहिल्या. हवे होते त्याच पट्ट्यांवरून वन्सं घरी चालल्या होत्या, आणि परत येतील की नाही हे काही पट्टे सांगत नाहीत. “आता सुटलो बाई,” काकू काकांना म्हणाल्या आणि इतका वेळ सुईत दोरा ओवत बसल्या की काकांनीच शेवटी ओवून दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वन्सं आल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फळ्यावरचा मोठा गुण्या. प्रत्येक पट्ट्यावर तो लावत आल्यामुळे त्यांना रस्ता ओलांडायला अकरा मिनिटं लागली आणि दोन बस खोळंबल्या. त्या स्टुलावर बसल्या, चहा घेतला आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला.

“वहिनी म्हणून देत नाहीये. समिती सदस्य म्हणून देतेय. पट्टे आडवे करून मिळावेत, असा रीतसर अर्ज आहे. निकाल लागेपर्यंत मी रोज येऊन विचारणार.”

“रोज?” काकूंनी विचारलं.

“रोज. चार वाजता.”

काकूंनी अर्ज दोनदा वाचला, सगळ्यात खालच्या खणात ठेवला, वर कापडाचे तुकडे रचले आणि खण लावून टाकला. प्रभागातले सगळे दिवे आता पेटतात, फुटपाथ कंबरेत उसवलेले राहिले नाहीत, आणि शिवणकाकूंकडे आलेलं काम आठ दिवसांत होतं, असं कुणीही सांगेल. फक्त तो एक अर्ज आहे. त्याला चार वर्षं झाली.

“काय झालं माझ्या अर्जाचं?” वन्सं चष्मा लावत रोज विचारतात.

“विचाराधीन आहे,” काकू म्हणतात आणि हातातला खिसा त्यांच्यापुढे धरतात. “हा बसलाय का बघा बरं.”